फावडे ब्रदरांचा तळहात

फावडे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. रुग्णालयात नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यांचे हात बघून, हे हात आहेत की फावडी, असं विचारलं आणि आठवड्याभरात ते फावडे ब्रदर झाले. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, त्यात नवल नाही. पण पुढे लोक ते आडनावच समजून चालले आणि त्यांच्या बायकोलाही फावडेवहिनी म्हणू लागले. ती घरी शिवणकाम करायची. पहिल्यांदा हे ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला, मग गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून ओ द्यायला लागली.

हात मात्र खरोखरच दांडगे होते. पाण्याचा पेला त्यांनी धरला की पेला दिसायचाच नाही, पाणी आपोआप तोंडाकडे चाललंय असं वाटायचं. असे हात घेऊन पोरगा गोदामात पोती उचलेल, अशी वडिलांची अटकळ होती. एक उन्हाळाभर त्याने उचललीही. पण एकदा शेजारच्या हमालाचा पाय मोडला, त्याला पाठुंगळी घेऊन हा रुग्णालयापर्यंत गेला, आणि तिथेच रमला. पोती उचलण्यापेक्षा माणसं उचललेली बरी, निदान ती आभार तरी मानतात, असं त्याने घरी येऊन सांगितलं. वडील आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म आणून दिला.

रुग्णालयाच्या भांडारात हातमोज्यांचे तीन आकार असायचे. फावडे ब्रदरांना तिन्ही व्हायचे नाहीत, बोटं अर्ध्यात अडकायची आणि मोजा फटकन फाटायचा. शेवटी भांडारवाल्याने कंटाळून त्यांच्यासाठी साडेआठ नंबरची वेगळी खोकी मागवायला सुरुवात केली. त्या खोक्यांवर तो जाड अक्षरात 'फक्त फावडे' असं लिहून ठेवायचा. म्हणजे या माणसाचा हात इतरांसारखा नाही हे भांडारवाल्याला ठाऊक होतं, सफाईवाल्या मावशींना ठाऊक होतं, बायकोला तर शर्टाच्या बाह्या शिवताना रोजच कळत होतं. तरीही पुढे जे व्हायचं ते झालंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

त्यांची खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. चार खाटा, एक मोठा नळ, नळाखाली उतरत्या तोंडाचं सिमेंटचं टेबल, आणि भिंतीवर एक घड्याळ. ही भाजलेल्यांची खोली. इथे ते एकोणीस वर्षं होते. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर इथे बदली झाली की आठवड्यात रजेचे अर्ज टाकायच्या. भाजलेल्या माणसाची जुनी पट्टी सोडवणं हे नाजूक काम, पट्टी जखमेला चिकटलेली असते आणि ओढली की नवी आलेली कातडी घेऊनच निघते. फावडे ब्रदर ओढत नसत. कोमट पाण्याने भिजवत बसत, पुन्हा भिजवत, आणि पट्टीला निघायची इच्छा होईपर्यंत वाट बघत. एवढ्या मोठ्या बोटांनी ते असं काम करायचे की बघणाऱ्याला वाटावं, फुलपाखराच्या पंखावरची धूळ झटकतायत.

तेवढ्या वेळात तोंड चालू असे. आपलं लग्न कसं ठरलं ही एकच गोष्ट ते हप्त्याहप्त्याने सांगत. तिच्यात एक हरवलेलं सासऱ्यांचं पाकीट होतं, एक चुकीच्या गावाला गेलेली बस होती, आणि ऐन मोक्याला गोष्ट थांबायची, कारण पट्टी निघालेली असायची. पुढचं पुढच्या ड्रेसिंगला. बरे झालेले दोन-तीन जण केवळ शेवट ऐकायला परत आल्याची नोंद आहे. बायकोच्या मते त्या गोष्टीतलं एक अक्षरही खरं नव्हतं, पाकीट तेवढं हरवलं होतं.

आता मापाची गोष्ट. माणूस किती भाजला हे टक्क्यांत सांगतात. सबंध अंग म्हणजे शंभर आणि बोटांसकट एक तळहात म्हणजे एक टक्का. जखमेवर न टेकवता तळहात धरायचा आणि मोजत जायचं, एक, दोन, तीन. या मोजणीवर पुढचं सगळं ठरतं, सलाईन लावायचं की नुसतं पाणी पाजून भागेल, इथे ठेवायचं की धाडायचं. त्यांच्या रुग्णालयाचा नियम होता, मूल दहा टक्क्यांपर्यंत भाजलेलं असेल तर इथे, दहाच्या वर गेलं की रुग्णवाहिकेत घालून दोन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात.

हे मोजायला फावडे ब्रदरांना शिकवलं ते थोरल्या ब्रदरांनी. थोरले ब्रदर म्हणजे किरकोळ अंगाचे, मितभाषी गृहस्थ, पाच वर्षांत त्यांनी जेमतेम दोनशे वाक्यं उच्चारली असतील. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी ते रुग्णाचा हात आपल्या हातात घ्यायचे, क्षणभर तसाच धरून ठेवायचे, मग आपला तळहात जखमेवरून फिरवत आकडा सांगायचे. बोलणारा माणूस नाही, बिचारे हात धरून धीर देतात, असं फावड्यांना वाटायचं. ते मोजणं शिकले. हात धरणं काही त्यांनी उचललं नाही, कारण धीर द्यायला त्यांच्याकडे लग्नाची गोष्ट होती. थोरले ब्रदर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले आणि मोजणी फावड्यांकडे आली.

आली ती अशी आली की डॉक्टर बदलले, अधीक्षक बदलले, पण आकडा फावडे ब्रदरांचाच. आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या तरुण डॉक्टरबाईसुद्धा पेन उघडून आधी त्यांच्याकडे बघत. ब्रदर, किती? अकरा. कागदावर अकरा.

अशा माणसाला प्रशिक्षणाचं पत्र आलं. मोठ्या रुग्णालयात तीन दिवसांचं, भाजलेल्यांच्या उपचारांचं प्रगत प्रशिक्षण, डॉक्टर, नर्स, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी अशा सगळ्यांसाठी. डॉक्टरबाईंनी परस्पर त्यांचं नाव पाठवलं होतं. फावडे ब्रदरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकोणीस वर्षं भाजलेली माणसं हाताळली, आता कोण मला शिकवणार, आणि काय, असं ते घरी दोन दिवस म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी बायकोने नव्या शर्टाचं माप घ्यायला टेप काढली, तेव्हा ते म्हणाले, अगं, माझं माप तुला पाठ आहे, अंदाजाने शीव. ती म्हणाली की अंदाजाने शिवलेला शर्ट अंदाजानेच अंगाला बसतो, हात वर करा. त्यांनी हात वर केले.

निघायच्या दिवशी अकराची बस होती. सवयीने ते सकाळी खोलीवर एक चक्कर टाकायला गेले आणि नऊच्या सुमाराला एक रंगारी चार वर्षांच्या मुलीला छातीशी धरून धावत आत आला. साडेआठला तिने विजेच्या किटलीची वायर ओढली होती. उकळतं पाणी खांद्यावर, छातीवर, पोटावर आणि एका हातावर सांडलं होतं. बाप गोंधळून गेला आणि हाताला लागली ती टूथपेस्ट त्याने मुलीला फासली होती. पोर पांढरीफटक माखलेली, बापाच्या बोटांवर निळा रंग, आणि दोघंही रडत होती.

फावडे ब्रदरांनी बॅग कोपऱ्यात फेकली. नळाखाली मुलीला धरलं, मोजून वीस मिनिटं, वर घड्याळाकडे डोळा आणि तोंडाने पाकिटाची गोष्ट. टूथपेस्ट हळूहळू धुतली. बापाला ते रागावले नाहीत, पेस्ट दातांना लावतात एवढंच म्हणाले. मग नव्या शर्टाची बाही मागे सारून तळहात धरला. एक, दोन, तीन, चार, पाच.

“पाच,” त्यांनी सांगितलं.

डॉक्टरबाईंचं पेन कागदावर क्षणभर थांबलं. मग त्यांनी पाच लिहिले. म्हणजे मुलगी इथेच राहणार, सलाईन नको, तोंडाने पाणी देत राहायचं. फावडे ब्रदरांनी जाळीच्या पट्ट्या लावून वरून असं बांधलं की मुलगी रडायची थांबून आपल्या हाताकडे बघायला लागली. गोष्टीचा शेवट तीन दिवसांनी आल्यावर सांगेन, असं तिला कबूल करून ते धावतपळत बसला गेले.

मोठ्या रुग्णालयाचं सभागृह चकाचक होतं. खुर्च्यांना चाकं होती, त्यामुळे फावडे ब्रदर बसल्याबरोबर एक हात मागे सरकले. चाळीसेक जण आलेले. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, पिकलेल्या केसांच्या, गळ्यात साखळीला चष्मा लटकवलेल्या, स्वतः तीस वर्षं नर्स. त्यांनी कुठलंही भाषण केलं नाही. आज दुपारी फक्त मोजायचं, म्हणाल्या, कारण इथे जे चुकतं ते पुढे दुरुस्त होत नाही.

टेबलांवर प्लास्टिकचे पुतळे निजवले होते आणि त्यांच्या अंगावर लाल कापडाचे तुकडे चिकटवले होते. एक पुतळा लहान मुलाचा होता. बाईंनी विचारलं, हा कोण मोजतो? एक-दोघं चुळबुळले. फावडे ब्रदर उठले. एवढ्याशा कामाला कशाला वेळ दवडायचा अशा थाटात त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, “चार.”

 बाईंनी मागच्या रांगेतल्या एका सिस्टरला बोलावलं, पुतळ्याच्या पंज्याएवढी एक छोटी कागदी आकृती तिच्या हातात दिली आणि मोजायला लावलं. ती मोजत गेली आणि दहाच्या पुढे गेली. सगळे फावड्यांकडे बघायला लागले. फावडे ब्रदर त्या कागदी आकृतीकडे बघत होते.

“तुमचा हात जरा त्याच्या हातावर ठेवा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ठेवला. पुतळ्याचा हात पूर्ण नाहीसा झाला. मनगटसुद्धा दिसेना. सभागृहात हशा पिकला, आणि फावडे ब्रदरही हसले, कारण हाताबद्दल हसून घ्यायची त्यांना वीस वर्षांची सवय होती. बाई सांगत होत्या की एक टक्का म्हणजे रुग्णाचा तळहात, तुमचा नव्हे. मोठ्या माणसाच्या बाबतीत थोडाफार फरक पडतो, लहान मुलाच्या बाबतीत सगळंच फिरतं. आधी रुग्णाचा हात हातात घेऊन बघायचा, आपल्या हाताच्या मानाने केवढा आहे ते ठरवायचं, मगच मोजायचं.

आधी रुग्णाचा हात हातात घ्यायचा. फावडे ब्रदरांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. थोरले ब्रदर धीर देत नव्हते, माप घेत होते. पाच वर्षं डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट आपण बघितली आणि तिचा अर्धाच भाग शिकलो. आणि मग, थोरल्या ब्रदरांचा विचार पुरता संपायच्या आत, टूथपेस्टने माखलेली ती मुलगी आठवली.

त्यांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. तिचा हात त्यांनी बांधला होता, बोटं त्यांच्या चांगलीच लक्षात होती. आपल्या एका तळहातात तिचे अडीच सहज बसतील. पाच गुणिले अडीच. मोजताना सुटलेला कडेचा भाग धरला तर तेरा. तेरा टक्के भाजलेली चार वर्षांची पोर, सलाईनशिवाय, सकाळी साडेआठपासून. भिंतीवर पावणेतीन वाजले होते.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढे स्वतःच बायकोला सांगितलं, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. आलं असं की, कदाचित ती ठीक असेल. कदाचित भरपूर पाणी प्यायली असेल. फोन केला तर इतक्या वर्षांचा आकडा आज दुपारी संपला, आणि तोही आपल्याच तोंडाने. भीती वाटली, आणि लाज वाटली, आणि लाज भीतीपेक्षा मोठी होती याची आणखी लाज वाटली. हे सगळं दाराशी पोहोचेपर्यंत. दार ओलांडलं तेव्हा फोन कानाला होता.

“मॅडम, सकाळची मुलगी. मी चुकलोय. पाच नाहीत, तेरा आहेत.”

 डॉक्टरबाई म्हणाल्या की पोर मघापासून पेंगुळलीय, पाणी पाजलं की उलटी होतेय, आणि आल्यापासून लघवी झालेली नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, “मलाही जास्त वाटलं होतं, ब्रदर. तुम्ही पाच म्हणालात म्हणून मी बोलले नाही.”

त्यावर बोलायला दोघांनाही वेळ नव्हता. सलाईन लावा, रुग्णवाहिका काढा, इथे मी सांगून ठेवतो, असं फावडे म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता ओरडले की वेळ साडेआठची लिहा, तुमच्याकडे आल्याची नव्हे, भाजल्याची. हे कळायला मात्र त्यांना प्रशिक्षणाची गरज नव्हती. किती सलाईन द्यायचं याचं घड्याळ भाजल्यापासून चालू होतं हे त्यांना पहिल्या वर्षापासून पाठ होतं. मग ते सभागृहात परतले, चाळीस जणांसमोर शिकवणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं आणि इथल्या वॉर्डाला कळवायचं कसं ते विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी वर्ग तिथेच सोडला आणि स्वतः त्यांच्याबरोबर चालू लागल्या.

रुग्णवाहिका सव्वापाचला आली. फावडे ब्रदर अर्धा तास आधीपासून फाटकाशी येरझाऱ्या घालत होते, पहारेकऱ्याने तीनदा खुर्ची दिली आणि तीनदा परत घेतली. मुलगी डोळे मिटून पडली होती, पाय गार. आतल्या डॉक्टरांनी भराभर सलाईनचा वेग वाढवला, लघवीची नळी घातली, पट्ट्या उघडल्या. मोजल्यावर आकडा तेराच निघाला. पट्ट्या उघडताना तिथल्या सिस्टरने विचारलं की हे कुणी बांधलंय, एवढं सुबक. शिकवणाऱ्या बाईंनी नुसतं बोट दाखवलं. फावडे ब्रदरांना त्या क्षणी ते कौतुकही टोचलं.

बाहेर बाकावर रंगारी बसला होता. त्याने यांना ओळखलं आणि उठून दोन्ही हात धरले, म्हणाला, बरं झालं भाऊ तुम्ही इथे आहात. आता गप्प राहणं सोपं होतं. फावडे ब्रदर उभ्याउभ्याच म्हणाले की सकाळी मोजताना चूक माझी झाली, तिला तेव्हाच इथे आणायला हवं होतं, सहा तास गेले ते माझ्यामुळे.

रंगाऱ्याने हात सोडले. 

“तुम्ही वर्षानुवर्षं हेच काम करता ना?” त्याने विचारलं.

“हो.”

तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. फावडे ब्रदर बाकाच्या दुसऱ्या टोकालाही बसले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले आणि काचेतून आतल्या पिशवीकडे बघत राहिले.

ती पिशवी म्हणजे लघवीची. भाजलेल्या मुलात पाणी पुरेसं गेलं की नाही हे सांगणारी सगळ्यात खरी वस्तू तीच. तिच्यावर रेघा असतात, आणि तळाची रेघ ओलांडली की जीवात जीव येतो. साडेपाचला पिशवी कोरडी होती. पावणेसहाला नळीत एक थेंब दिसला, तो नळीतच थांबला. शिकवणाऱ्या बाई चष्मा लावून वाकून बघत आणि मान हलवत. जगात माणसं कशाकशाची वाट बघतात, पण त्या संध्याकाळी तिथली तिन्ही माणसं एका पोरीच्या लघवीची वाट बघत होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या.

“वीस मिलीलीटर,” त्या म्हणाल्या. “आणि तिने पाणी मागितलं.”

रंगाऱ्याला आकडा कळला नाही, पाणी मागितलं ते कळलं. त्याने तोंड ओंजळीत घेतलं आणि हमसून हमसून रडला. फावडे ब्रदरांना रडू येत होतं, पण आपल्याला तो अधिकार नाही असं वाटून ते खांबामागे गेले. थोड्या वेळाने त्यांनी डोकावून पाहिलं, तर रंगारी बाकावर एका बाजूला सरकला होता. रिकाम्या जागेवर त्याने हात आपटला. फावडे ब्रदर जाऊन बसले. पोरगी सावरली हे पक्कं होईपर्यंत दोघंही तिथेच होते, एका बिस्किटाच्या पुड्यावर.

मध्येच बायकोचा फोन आला. कोर्स कसा चाललाय, असं तिने विचारलं. फावडे ब्रदर गहिवरून म्हणाले, “लघवी झाली.” कुणाची, असं तिने विचारलं. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, दाराशी पोहोचेपर्यंत मनात आलेली लाजसुद्धा. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे त्यांच्या संसारात क्वचितच घडलं असेल.

“अहो,” शेवटी ती म्हणाली, “माप ज्याच्या अंगाचं त्याच्याच अंगावर घ्यायचं असतं. मी माझ्या मापाने सगळ्या गावाचे कपडे बेतले असते तर लोकांनी मला बदडलं असतं.” आणि मग, आवाज बदलून, “फोन केलात ते चांगलं केलंत.”

उरलेले दोन दिवस फावडे ब्रदर वर्गात पहिल्या रांगेत बसले. वही भरली, प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडलं. धुराने आतून भाजलेला घसा कसा ओळखायचा, सांधे आखडू नयेत म्हणून हात कुठल्या अवस्थेत बांधायचा, खाणं कधी सुरू करायचं. जेवणाच्या सुट्टीत मात्र ते मुलीच्या वॉर्डात असत. पट्टी भिजवायचं काम तिथल्या सिस्टरनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर सोपवलं आणि स्वतः उभ्या राहून बघितलं. तिसऱ्या दिवशी दोन नव्या नर्सना बघायला बोलावलं. म्हणजे शिकायला गेलेला माणूस जाताजाता थोडं शिकवूनही आला, पण हे तो कधी सांगत नाही, सांगायला घेतलं की लगेच पुतळ्याची गोष्ट सांगतो.

प्रमाणपत्र मिळालं ते 'श्री. फावडे' या नावाने. डॉक्टरबाईंनी फॉर्मवर तेच लिहून पाठवलं होतं, त्यांना दुसरं आडनाव माहीतच नव्हतं. बायकोने ते वाचलं, आता सरकारी शिक्का बसला म्हणजे सुटका नाही, असं म्हणून चौकट करून भिंतीवर लावलं.

परत आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते जुन्या नोंदवह्या काढायचं. डॉक्टरबाई आणि ते, दोघं चार दुपारी बसले. इथेच ठेवून घेतलेली, खरं तर पुढे पाठवायला हवी होती अशी नऊ मुलं सापडली. सगळी घरी गेलेली होती, हे नशीब. त्यांनी नऊही घरांत फोन केले. एका मुलाचं कोपर व्रणाने आखडलं होतं आणि त्याच्या आईला वाटत होतं की ते असंच राहणार. त्याला बोलावून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. खरी हकीकत कळल्यावर त्या आईने फावड्यांना व्हरांड्यात सगळ्यांसमोर सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि ती दमली तेव्हा तिला खुर्ची आणून दिली. त्या रात्री ते जेवले नाहीत. याच्यापुढे त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

थोरल्या ब्रदरांनाही त्यांनी फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, मला वाटलं तुला दिसलं असेल. एवढंच वाक्य. ते दोनशेएकावं असावं.

महिन्याभराने रंगारी मुलीला घेऊन तपासणीसाठी आला. गुलाबी नवी कातडी, खांद्यावर थोडी सुरकुतलेली, बाकी उत्तम. ती सिमेंटच्या टेबलावर पाय हलवत बसली आणि पाकिटाचं पुढे काय झालं ते तिने आल्या आल्या विचारलं. फावडे ब्रदर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, तिचा बरा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच क्षणभर धरून ठेवला.

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. धीर देताय का, असं त्यांनी गमतीने विचारलं.

“नाही मॅडम, माप घेतोय,” फावडे ब्रदर म्हणाले. हे ते आता प्रत्येक वेळी मोठ्याने सांगतात, बघणाऱ्याला अर्धंच दिसू नये म्हणून.

मुलीने हे ऐकलं. तिने आपला हात सोडवून घेतला, त्यांचा पंजा टेबलावर उताणा केला आणि त्यावर आपला तळहात टेकवला. मग जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी सावकाश, एकाच्या पुढे दुसरा ठेवत ती मोजायला लागली.

“एक. दोन.” ती थांबली. बोटांच्या टोकाशी जागा उरली होती. “आणि हे थोडं.”

फावडे ब्रदरांना मान वर करता येईना. रंगारी खिडकीतून बाहेर बघत होता.

“बरोबर,” ते म्हणाले. “अगदी बरोबर मोजलंस.”

आणि मग त्यांनी तिला पाकिटाचं पुढे काय झालं ते सांगायला सुरुवात केली.